सम्राटाच्या संमतीने

इथिओपियाच्या सम्राटाला गादीवरून उतरवायला सात महिने लागले, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक पायरीला खुद्द सम्राटाची संमती होती. पंतप्रधान बदला म्हणाले, त्याने बदलला. सैनिकांचा पगार वाढवा म्हणाले, वाढवला. राजकीय कैदी सोडा, सोडले. तुमच्या दरबारातल्या अमक्यातमक्याला अटक करतोय; करा. अखेर 12 सप्टेंबर 1974 च्या सकाळी राजवाड्यात तो एकटाच उरला होता, आणि त्याला न्यायला फोक्सवॅगनची एक छोटी बीटल पुरली.

रशियाचा झार आठवडाभरात गेला. चीनचा शेवटचा सम्राट गेला तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला कोण विचारतंय? हैले सेलासीची गोष्ट वेगळी. हा माणूस 1916 पासून राज्यकारभारात, 1930 पासून सम्राट. इटलीने देश गिळला तेव्हा 1936 साली जीनिव्हात राष्ट्रसंघासमोर उभा राहून त्याने युरोपला चार शब्द सुनावले होते, आणि पाच वर्षांनी परत येऊन पुन्हा गादीवर बसला होता. 1960 मध्ये तो ब्राझीलमध्ये असताना त्याच्याच अंगरक्षक दलाच्या प्रमुखाने बंड केलं, तेही त्याने मोडून काढलं. इतका मुरलेला माणूस 1974 मध्ये एकेक गोष्ट सोडत गेला आणि कोणी मधे पडलं नाही. का पडलं नाही, हा प्रश्न मला तिथे राहून पडला. वाचून पडला नसता.

मी तिकडे गेलो तो गुलाबापायी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडून तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये उमेदवारी केलेल्यांपैकी बरेच जण आफ्रिकेत जातात. कोणी केनियाला, कोणी इथिओपियाला. अदिस अबाबाच्या पश्चिमेला होलेटा नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून जवळपास 2,400 मीटरवर. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री स्वेटर लागेल अशी थंडी, त्यामुळे गुलाबाची कळी मोठी भरते आणि दांडा लांब होतो. काढणी झाली की ग्रेडिंग, बंच, कोल्ड रूम, आणि रात्रीच्या विमानाने माल हॉलंडला. माझं जग एवढंच. क्रांतीबिंतीशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं.

पण होलेटाला एक जुनी लष्करी शाळा आहे. मेंगिस्तू हैले मरियम, म्हणजे ज्याने पुढे सतरा वर्षं या देशाला टाचेखाली ठेवलं तो, याच शाळेतून अधिकारी होऊन बाहेर पडला. साध्या शिपायाचा मुलगा. सैन्यातले उच्चभ्रू निराळ्या ठिकाणी घडत: सम्राटाने 1950 च्या दशकात हरारला नवी अकादमी काढली होती, आणि तिथे शिकवायला भारतीय लष्करातले अधिकारी बोलावले होते. कडक इस्त्री, इंग्रजी, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. हरारवाले होलेटावाल्यांकडे कोणत्या नजरेने बघत असतील हे सांगायला नको. दोन्ही शाळा सम्राटाच्याच. विद्यापीठही त्याचंच. 1960 च्या बंडात त्याच्या राहत्या राजवाड्यात ओलीस धरलेल्या मंत्र्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर त्याने तो राजवाडाच विद्यापीठाला देऊन टाकला. आजही तिथे जाता येतं. वर संग्रहालयात सम्राटाची झोपायची खोली तशीच ठेवलेली आहे, आणि बाहेर इटालियनांनी बांधलेला एक गोल जिना, मुसोलिनीच्या सत्तेच्या दर वर्षाला एक पायरी. जिना कुठेच जात नाही. इटालियन गेल्यावर त्याच्या टोकावर इथिओपियाचा सिंह नेऊन बसवला. सूड घ्यायची ही पद्धत मला भलतीच आवडली.

या विद्यापीठातली पोरं 1965 मध्ये रस्त्यावर उतरली, मागणी एकच: कसणाऱ्याला जमीन. माझे आजोबा कूळ होते. साताऱ्याकडे आमची जी काही जिरायती आहे ती कूळकायद्याने नावावर झालेली. त्यामुळे ही मागणी मला कोणी समजावून सांगावी लागली नाही.

जमिनीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेनेलिक सम्राटाने दक्षिणेकडचे मुलूख जिंकले. हा तोच मेनेलिक, ज्याने 1896 मध्ये अडवाला इटलीच्या फौजेला धूळ चारली. जिंकलेल्या मुलखात त्याने आपले सरदार-शिपाई वसवले आणि पगाराऐवजी त्यांना जमिनी दिल्या; जमिनीबरोबर तिच्यावर राबणारी माणसंही दिली. खंड, अर्धल, वेठ, सणासुदीला मधाचा घडा आणि मेंढरू, हे सगळं आपल्याकडच्या इनाम-जहागिरीच्या वाचकाला तोंडपाठ असेल. चर्चकडे वेगळ्या जमिनी. उत्तरेत मात्र प्रकार दुसरा: तिथे जमीन भाऊबंदांची, अमुक पूर्वजाचा वंशज म्हणून प्रत्येकाचा वाटा, आणि त्या वाट्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे. एकाच साम्राज्यात जमिनीचे असे दोन कायदे नांदत होते, आणि दोन्हींच्या शेंड्यावर एकच माणूस. 1955 च्या राज्यघटनेत त्याचा वंश थेट सॉलोमन राजा आणि शेबाची राणी यांच्यापासून सांगितलेला, आणि त्याची व्यक्ती पवित्र, सत्ता निर्विवाद असं स्पष्ट लिहिलेलं.

आता हैले सेलासीने आयुष्यभर काय केलं ते बघा. प्रांतोप्रांतीच्या सरदारांच्या स्वतःच्या फौजा होत्या. त्या त्याने मोडल्या. कर गोळा करायचे त्यांचे अधिकार काढून घेतले. चर्च इजिप्तच्या धर्मगुरूंच्या हाताखाली होतं; ते सोडवलं आणि स्वतःच्या मुठीत आणलं. राजकीय पक्ष नाहीत. मंत्री एकमेकांवर चहाडी करणारे, आणि प्रत्येक जण वेगळा येऊन कानात सांगणारा. आधुनिक राज्य उभं करायचं म्हणून त्याने गादी आणि रयत यांच्या मधली एकेक भिंत पाडली. सुधारक म्हणून जगाने त्याची वाहवा केली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्याच्याविरुद्ध कोणी हात उचलला असता तर तो अडवणारंही मधे कोणी उरलं नव्हतं.

हात उचलला गेला तो एका पंपामुळे. जानेवारी 1974. केनियाच्या सरहद्दीकडे नेगेले बोराना नावाचं ठाणं आहे, दक्षिणेच्या कोरड्या भागात. तिथल्या सैनिकांचा पाण्याचा पंप बिघडला. अधिकाऱ्यांची विहीर चालू होती. त्यांनी शिपायांना पाणी द्यायला नकार दिला. जेवणाची तर आधीपासूनच रड. शिपायांनी अधिकाऱ्यांना कोंडलं. सम्राटाने चौकशीला भूदलाचा सेनापती पाठवला, तर त्यालाही त्यांनी धरून ठेवलं आणि आपण खातो तेच अन्न, आपण पितो तेच पाणी त्याच्यापुढे ठेवलं. जनरलसाहेब आजारी पडले. क्रांतीच्या इतिहासात मोठमोठ्या पुतळ्यांची जागा असते, पण मला विचाराल तर त्या जनरलपुढे ठेवलेल्या ताटाची जागा त्यांच्याआधी.

सम्राटाने त्या शिपायांना शिक्षा केली नाही. सुधारू म्हणाला. बातमी इतर छावण्यांत पोहोचायला वेळ लागला नाही. फेब्रुवारीत पेट्रोल महागलं म्हणून अदिसमध्ये टॅक्सीवाल्यांनी संप केला, नव्या शिक्षण धोरणाविरुद्ध शिक्षकांनी केला. महिनाअखेरीला अस्मारातल्या फौजेने शहरच ताब्यात घेतलं, पंतप्रधान अकलिलू हबते-वोल्ड राजीनामा देऊन मोकळे झाले. मार्चमध्ये कामगारांचा सार्वत्रिक संप. पाठोपाठ खालच्या फळीतले पुजारी पगारासाठी संपावर. एप्रिलमध्ये मुसलमानांचा प्रचंड मोर्चा, आम्हालाही बरोबरीचे हक्क द्या म्हणून. कोणीच सम्राटाला जा म्हणत नव्हतं. सगळे त्याच्याकडेच मागत होते, कारण मागायला दुसरा दरवाजाच त्याने ठेवला नव्हता.

28 जूनला वेगवेगळ्या तुकड्यांनी पाठवलेले सुमारे 120 जण अदिसमध्ये जमले. शिपायापासून मेजरपर्यंत, त्यावर कोणी नाही. या समितीला नाव पडलं दर्ग. सदस्य कोण, हे पुढे कित्येक दिवस लोकांना माहीत नव्हतं. हरारच्या तिसऱ्या डिव्हिजनने पाठवलेल्यांत मेजर मेंगिस्तू होता. वरिष्ठांना नकोसा झाला होता म्हणून ब्याद टाळायला त्यालाच पाठवला, असं सांगतात. घोषणा काय, तर ‘इथिओपिया प्रथम’. समाजवाद नाही, मार्क्स नाही, सम्राटाशी एकनिष्ठ असल्याच्या शपथा मात्र वारंवार. आणि रोज रेडिओवर नावं: आज हे सरदार शरण या, उद्या ते. गंमत अशी की बहुतेक जण आले. आपापल्या मोटारीतून, नीट कपडे करून.

मग दुष्काळ बाहेर काढला गेला. 1972-73 मध्ये वोलो प्रांतात लोक अन्नावाचून मेले. अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातात. सरकारने ते झाकलं. विद्यापीठातले काही प्राध्यापक वोलोत जाऊन फोटो काढून आले, ते त्यांनी मांडले, त्यावरूनही गडबड झाली. ब्रिटिश पत्रकार जोनाथन डिम्बलबीच्या वृत्तपटाने ऑक्टोबर 1973 मध्ये जगाला ते दाखवलं. दर्गने तो पट जपून ठेवला आणि 11 सप्टेंबर 1974 च्या रात्री टीव्हीवर लावला, मधे मधे राजवाड्यातल्या मेजवान्या आणि सम्राटाच्या हातून मांस खाणारे कुत्रे जोडून. 11 सप्टेंबर म्हणजे त्यांचा वर्षप्रतिपदेचा दिवस. लोक नवीन कपड्यांत घरी बसलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सम्राटाला ती बीटल. वाटेत लोक ओरडत होते, चोर, चोर.

इथपर्यंत रक्त सांडलं नव्हतं. त्याचा दर्गला अभिमानही होता. 23 नोव्हेंबरच्या रात्री तो संपला: दोन माजी पंतप्रधानांसह साठेक जणांना एका रात्रीत गोळ्या घातल्या. दर्गनेच प्रमुख म्हणून पुढे केलेले जनरल अमान अंदोम या मार्गाला राजी नव्हते. त्याच दिवशी ते आपल्या घरात लढताना मारले गेले.

नंतर एकदा कामानिमित्त अदिसला गेलो तेव्हा मेनेलिकचा जुना राजवाडा लोकांसाठी खुला झाला होता; 2019 पासून तिथे युनिटी पार्क आहे. वर सिंहासनाचं दालन. झुंबरं, लाल गालिचा, शाळेच्या सहलीतली पोरं. दालनाखालच्या तळघरात दर्गने सरदार-मंत्री कोंडले होते. मी खाली उतरलो. छत बुटकं, दगडी भिंती, हवा जड. जिथे बसून ते मुजरे झेलायचे त्या जमिनीच्या बरोबर खाली त्यांनी आपले शेवटचे आठवडे काढले. आणि वरच्या मजल्याचं काय झालं? मेंगिस्तू त्याच आवारात राहायला आला. सम्राटही तिथेच कैदेत होता, आणि 27 ऑगस्ट 1975 ला तिथेच मेला. आजाराने, असं जाहीर झालं. पुढे दर्गवाल्यांवरच्या खटल्यात सरकारी पक्षाने सांगितलं की गळा दाबून. त्याचे अवशेष 1992 मध्ये त्याच राजवाड्याच्या आवारात, काँक्रीटखाली मिळाले.

समाजवाद आला तो डिसेंबर 1974 मध्ये, म्हणजे सत्ता आल्यावर. हा क्रम महत्त्वाचा आहे. लेनिनकडे आधी पक्ष होता, माओकडे पक्ष आणि फौज दोन्ही. दर्गकडे फौज होती आणि बोलायला काही नव्हतं. शब्द होते विद्यापीठातल्या पोरांकडे, आणि युरोप-अमेरिकेतून परतलेल्या त्यांच्या मित्रांकडे. त्यांनी ते पुरवले: वर्ग, सरंजामशाही, राष्ट्रीय लोकशाही क्रांती. 1976 पर्यंत दर्ग अस्खलित मार्क्सवादी बोलू लागला होता. शब्द पुरवणाऱ्यांत दोन गट पडले. एक म्हणाला, आधी फौजेने सत्ता लोकांना द्यावी. दुसरा म्हणाला, तोवर फौजेबरोबर राहून काम करू. मेंगिस्तूने आधी पहिल्यांना मारलं, मग दुसऱ्यांना. 17 एप्रिल 1977 ला तो चौकात उभा राहिला आणि लाल द्रवाने भरलेल्या बाटल्या जमिनीवर आपटून फोडल्या, क्रांतीच्या शत्रूंचं असंच रक्त सांडू म्हणून. पुढच्या वर्ष-दीड वर्षात अदिसच्या रस्त्यांवर सकाळी प्रेतं पडलेली असत, बहुतेक विशी-बाविशीची. प्रेत हवं असेल तर गोळीचे पैसे भरा, असं घरच्यांना सांगत. त्या चौकाच्या कडेला आता लाल दहशतीचं संग्रहालय आहे. तिथे फोटोंच्या भिंती आहेत. कॉलेजच्या ओळखपत्रांवरचे असतात तसे फोटो. मी लवकर बाहेर पडलो.

आमच्या फार्मवर गेटला एक म्हातारे वॉचमन होते. सगळे त्यांना ‘गाशे’ म्हणत, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. बोलायचे ओरोमो भाषेत. आमचा सुपरवायझर मधे बसून मला अम्हारिक-इंग्रजीची खिचडी करून सांगायचा. दुपारी कॉफी व्हायची. हिरव्या बिया तव्यावर भाजणं, कुटणं, मातीच्या सुरईत उकळणं, सोबत भाजलेले बार्लीचे दाणे, असा सगळा सोहळा, त्यात तास-दीड तास सहज जातो. त्या तासांतून गाशेंची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी मिळाली.

त्यांचे वडील अर्धलीने जमीन कसायचे. मालक अदिसला राहायचा. पीक निघालं की मालकाचा माणूस यायचा आणि रास मोजली जाईपर्यंत कोणी मूठभर दाणा उचलायचा नाही. मग 1975 च्या सुरुवातीला शहरातून विद्यार्थी आले. दर्गने विद्यापीठ-शाळा बंद करून साठेक हजार पोरापोरींना खेड्यांत धाडलं होतं. शिकवा, संघटना बांधा, आणि तुमची ब्यादही शहरातून टळो. गाशेंच्या आठवणीत एक मुलगी आहे, पँट घातलेली. बाईने पँट घातलेली त्यांच्या आईने पहिल्यांदा बघितली. त्या मुलीने गावाला जमवून सांगितलं की आजपासून मालक नाही, अर्धल नाही, जुनं देणं माफ. 4 मार्च 1975 चा तो जाहीरनामा. गावात कोणी बोलेना. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, “हे मालकाला माहीत आहे का?”

कुटुंबाला जास्तीत जास्त दहा हेक्टर, कूळपद्धत संपली, कोणी जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. दक्षिणेत लोक नाचले. उत्तरेत, जिथे भाऊबंदांची जमीन होती, तिथे कपाळाला आठ्या पडल्या. मी हे सगळं ऐकताना मनातल्या मनात आमच्या सातबाऱ्याशी ताडून बघत होतो, आणि एका ठिकाणी अडलो. आजोबांचं नाव इतर हक्कातून कब्जेदार सदरात आलं. गाशेंच्या वडिलांचं नाव कुठे आलं? कुठेच नाही. जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलं होतं की सगळी ग्रामीण जमीन ‘इथिओपियाच्या जनतेची सामुदायिक मालमत्ता’. कसायची तुम्ही, मालक जनता, आणि जनतेच्या वतीने कोण? फोनवर वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग त्यांचं कूळच राहिलं की.”

सम्राटाने गादी आणि रयत यांच्या मधले सरदार काढले होते. मधला जमीनदार तेवढा राहिला होता, तो दर्गने काढला. आता खरोखर मधे कोणी नव्हतं. मला वाटतं, हा रस्ता दोघांचा मिळून एकच आहे. हैले सेलासीने अर्धा बांधला आणि पुढचं काम ज्यांनी घेतलं त्यांनी कंत्राटदाराला गोळी घातली.

मोकळा रस्ता सरकारने कसा वापरला हे गाशेंना बरोबर माहीत होतं. आधी आला कोटा: इतके क्विंटल धान्य सरकारी महामंडळाला, भाव सरकारचा, बाजारापेक्षा कितीतरी कमी. मग माणसं. सोमालियाने 1977 मध्ये इथिओपियाच्या ओगाडेन भागावर चढाई केली, तोवर सोमालियाच्या पाठीशी असलेला सोव्हिएत संघ पालटून मेंगिस्तूच्या बाजूला आला, शस्त्रं विमानांनी उतरली, क्युबाचे हजारो सैनिक आले. शेतकऱ्यांची लाखोंची मिलिशिया उभी राहिली. अदिस-होलेटा रस्त्यावर तातेक नावाचा तळ होता, तिथे त्यांना कवायत शिकवली. माझी गाडी विमानतळावर जाताना रोज तिथून जायची, मला पत्ता नव्हता. गाशे तातेकला शिकले आणि उत्तरेला गेले, तेव्हा इथिओपियातच असलेल्या एरिट्रियात, बंडखोरांशी लढायला. 1978 च्या शेवटी फौजेने केरेन परत घेतलं तेव्हा ते तिथे होते. पायाला छर्रे लागले, ते अजून आत आहेत.

केरेन म्हटल्यावर मी चमकलो. साताऱ्याकडच्या घरांत हे नाव माहीत असतं. 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटालियनांना तिथून हुसकावायला ज्या हिंदी पलटणी लढल्या त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या होत्या. केरेन हा त्यांच्या युद्धसन्मानांत आहे. त्या लढाईने सम्राटाचा परतीचा रस्ता मोकळा झाला. गाशेंना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या डोंगरांवर पाणी कुठून आणत होते तुमचे लोक? मला सांगता आलं नाही.

आणि 1984. क्रांतीला दहा वर्षं झाली म्हणून सप्टेंबरमध्ये अदिस सजवलं, उत्तर कोरियाच्या कारागिरांकडून स्मारक उभारून घेतलं, लेनिनचा पुतळा आदल्याच वर्षी आला होता. कामगार पक्षाची रीतसर स्थापना झाली. सत्ता आल्यावर दहा वर्षांनी पक्ष. त्याच आठवड्यांत उत्तरेत दुष्काळ पडलेला, आणि पत्रकारांना तिकडे जायला परवानगी नव्हती. सोहळा उरकल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीला, बीबीसीच्या पडद्यावर कोरेमची छावणी दिसली. त्या दुष्काळात चार ते दहा लाख माणसं गेली असं मानतात. दहा वर्षांपूर्वी नववर्षाच्या रात्री सम्राटाविरुद्ध जो पट लावला होता, तो कोणी पुन्हा लावला नाही. तेव्हा टीव्ही केंद्र त्यांच्याच ताब्यात होतं.

मे 1991 मध्ये मेंगिस्तू विमानात बसून झिंबाब्वेला पळाला. अदिसमध्ये शिरले ते उत्तरेतले बंडखोर. तेही विद्यार्थी चळवळीतूनच निघालेले, तेही मार्क्सवादीच, फक्त भांडवलाचं बोलायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती. लेनिनचा पुतळा लोकांनी पाडला. मालमत्ता परत देण्याचं बोलणं झालं, बाजार खुला झाला, वर्तमानपत्रं निघाली. दर्गचं जवळपास सगळं मोडलं. दोन गोष्टी राहिल्या. एक केबेले, म्हणजे मोहल्ल्याची समिती. 1975 मध्ये शहरातली जादा घरं सरकारजमा करून ती या समित्यांकडे दिली; लाल दहशतीत घरझडत्या घेणारेही हेच. अदिसमध्ये केबेलेची घरं अजून दिसतात, नाममात्र भाड्याची आणि मुंबईतल्या पागडीच्या चाळींसारखी कोणीच दुरुस्त न केलेली. दुसरी गोष्ट जमीन. 1995 च्या राज्यघटनेचं कलम 40: जमीन राज्याची आणि जनतेची, विकता येणार नाही. सम्राटाचा वंशज परत आला नाही, मेंगिस्तूवर नरसंहाराचा गुन्हा शाबीत झाला, आणि त्याच्या जाहीरनाम्याचा गाभा घटनेत जाऊन बसला.

आमचे गुलाब या कलमावर उभे होते. कंपनीने जमीन घेतली ती सरकारकडून लीजवर, हेक्टरी वर्षाचं भाडं ठरवून. तिथे आधी जे कसत होते त्यांना भरपाई मिळाली. 2005 च्या कायद्याचा हिशेब असा: मागच्या पाच वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहा पट. जमिनीची किंमत शून्य, कारण जमीन त्यांची नव्हतीच. गाशेंचं शेत आमच्या तिसऱ्या पॉलिहाऊसखाली होतं. त्यांनी हे मला सांगितलं नाही. सुपरवायझरने सांगितलं, तेही मी तिथे रुळल्यावर बऱ्याच दिवसांनी. भरपाईतून त्यांनी पत्र्याचं छप्पर केलं आणि उरलेल्यात मोठ्या मुलाचं लग्न. नोकरी कंपनीने दिली, अटीत होतं.

नोव्हेंबर 2015 मध्ये आमच्याच रस्त्यावर, होलेटाच्या पुढे, गिंची गावात शाळेच्या पोरांनी मोर्चा काढला. खेळायचं मैदान आणि जवळचं रान कोणा गुंतवणूकदाराला दिलं म्हणून. महिन्याभरात ओरोमो लोकांचा सगळा ओरोमिया प्रांत पेटला. रस्त्यावर दगड, टायर. आमच्या गाड्या अडकल्या, माल कोल्ड रूममध्ये उमलून गेला. पुढच्या वर्षी देशात ठिकठिकाणी फुलांचे फार्म जाळले गेले.

आमच्या गेटवरही एक जमाव आला. मी ऑफिसच्या मागच्या खिडकीतून बघत होतो, खरं सांगायचं तर गाडीची किल्ली हातात धरून. गाशे गेटबाहेर गेले आणि बराच वेळ बोलत उभे राहिले. पोरं ओरडत होती, मग कमी ओरडायला लागली, मग दोघं-तिघं नुसतेच हातवारे करत राहिले. अखेर दगड फाटकावर मारून निघून गेली. मी सुपरवायझरला विचारलं, काय सांगितलं त्यांनी? तो म्हणाला, गाशे म्हणाले की प्लास्टिक आहे, तासाभरात जळेल. पण जमीन काही तुम्हाला मिळणार नाही, ती परत कचेरीत जाईल आणि कचेरी ती दुसऱ्या कोणाला तरी देईल. त्यापेक्षा कचेरीत जा आणि आधी तिथला नकाशा मागा, माझं शेत त्यावर कुठे दाखवलंय तेही बघून या.